वास्तूची दिशा आणि आकाशाची दिशा : प्राचीपासून संगणकीय प्रतिमानापर्यंत

१

दिशांची नावे मुळात देहावरून पडलेली आहेत. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या पुढे जे असते ते पूर्व, पाठीमागे असते ते पश्चिम आणि उजव्या हाताला असते ते दक्षिण. ‘प्राची’ म्हणजे पुढे वळलेली, ‘प्रतीची’ म्हणजे मागे वळलेली. ‘दक्षिण’ या शब्दाचा ‘उजवा’ हा अर्थ ‘प्रदक्षिणा’ या शब्दात आजही टिकून आहे. हा प्रकार केवळ संस्कृतातला नव्हे. अरबीत ‘डावा’ आणि ‘उत्तर’ यांचे शब्द एकाच धातूचे आहेत. ‘उत्तर’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘अधिक वरचा’ असा आहे. मराठीतील ‘उगवत’ आणि ‘मावळत’ हे शब्द देहाला बाजूस ठेवून थेट सूर्याकडे बोट दाखवितात.

या नामकरणात एक गृहीतक दडलेले आहे. पुढची बाजू आणि पूर्व दिशा ही एकच होत, असे ते गृहीतक होय. माणूस वळला की ते मोडते; परंतु माणसाला पुन्हा वळता येते. वास्तूला ते शक्य नाही. म्हणून वास्तूची स्वतःची दिशा आणि आकाशाची दिशा या दोहोंचा संबंध बांधकामापूर्वीच ठरवावा लागतो. वास्तूच्या दिक्साधनाचा इतिहास हा मुख्यतः या संबंधाचा इतिहास आहे.

२

यज्ञवेदीच्या रचनेत हे दोन्ही पक्ष हेतुपुरस्सर एक केलेले आढळतात. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली रीत अशी : सपाट भूमीवर शंकू रोवावा, शंकूच्या उंचीइतक्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढावे, आणि शंकूच्या अग्राची छाया सकाळी व दुपारनंतर ज्या दोन ठिकाणी वर्तुळाला स्पर्श करील तेथे खुंट्या ठोकाव्यात. त्या दोन खुंट्यांना जोडणारी रेषा ती प्राची. तिच्यावरून दोरीच्याच साहाय्याने दक्षिणोत्तर रेषा काढावयाची. महावेदीची प्राची छत्तीस प्रक्रमांची असून पश्चिमेकडील तीस व पूर्वेकडील चोवीस प्रक्रमांच्या बाजू तिच्याच आधारे मोजल्या जातात. म्हणजे वेदीचा कणा आणि आकाशाची पूर्व यांत तेथे अंतर नाही.

या रीतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. वाराणसीच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४१ अंशच वर येतो. तेव्हा छाया शंकूपेक्षा लांबच राहते आणि वर्तुळाला मुळी स्पर्शच करीत नाही. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. सकाळ व दुपार यांच्या दरम्यान सूर्याची क्रांती किंचित बदलते, त्यामुळे दोन खुंट्यांची रेषा थोडी तिरपी पडते. संपाताच्या सुमारास हा बदल सर्वाधिक, ताशी सुमारे एक कला असतो; अयनबिंदूंपाशी तो जवळजवळ शून्य होतो. भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘सिद्धान्तशिरोमणी’त या दोषाचे संस्करण सांगितले आहे. ‘मयमता’सारख्या वास्तुग्रंथांनी हाच विचार कारागिराला पेलेल अशा रूपात मांडला : ‘अपच्छाया’ म्हणून त्या त्या महिन्यानुसार ठरावीक अंगुळे सोडावयाची.

३

नगररचनेत मात्र ही एकता नेहमी टिकत नाही. याचे बोलके उदाहरण जयपूर होय. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या या नगराचे सरळ रस्ते खऱ्या दिशांपासून सुमारे १५ अंश घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळलेले आहेत. या कलण्याच्या कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि हे दिशांच्या अज्ञानामुळे झाले, असे म्हणता येत नाही. कारण त्याच राजाने त्याच नगरात वेधशाळा उभारली. तेथील सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची कर्णभिंत अचूक दक्षिणोत्तर असून स्थानिक अक्षांशाइतक्या, म्हणजे २७ अंशांच्या, कोनात पृथ्वीच्या अक्षाशी समांतर आहे. नगराची उत्तर आणि यंत्राची उत्तर अशा दोन उत्तर दिशा तेथे शेजारी शेजारी नांदतात. लोकव्यवहाराने मात्र नगराचीच दिशा स्वीकारली. पूर्वेचा दरवाजा सूरजपोळ आणि पश्चिमेचा चांदपोळ.

४

आजचे वास्तुप्रतिमान संगणकावर तयार होते, आणि तेथे हाच भेद दोन स्वतंत्र नावांनी नोंदला गेलेला दिसतो. २००० मध्ये प्रथम विक्रीस आलेल्या ‘रेव्हिट’ या प्रणालीत ‘प्रोजेक्ट नॉर्थ’ आणि ‘ट्रू नॉर्थ’ अशा दोन उत्तर दिशा आहेत. पहिली वास्तूच्या भिंतींना समांतर आणि पडद्याच्या वरच्या कडेकडे असते, जेणेकरून आराखडा सरळ रेखाटता यावा. दुसरी भूगोलाची असते. सूर्याची गती व छाया हिच्यावरून काढल्या जातात. दृश्याच्या ज्या गुणधर्मात ही निवड करावयाची त्याचे नाव ‘ओरिएंटेशन’ आहे. ‘उगवणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेल्या या नावाखाली आज उत्तर निवडली जाते, ही भाषेच्या इतिहासातील एक गंमत होय.

तथापि जुने गृहीतक येथेही दडून आहे. निरनिराळ्या प्रणालींत प्रतिमानांची देवघेव करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आय.एफ.सी. या प्रमाणात खऱ्या उत्तरेची नोंद ऐच्छिक आहे. ती नसल्यास प्रतिमानाचा धन य-अक्ष हाच उत्तर मानला जातो. म्हणजे रेखाटणारा गप्प राहिला की वास्तूची दिशा आणि आकाशाची दिशा पुन्हा एक होतात. शिवाय कोनाचे चिन्ह उलटे पडले, तर जयपूरच्या रस्त्यावरील घर १५ ऐवजी ३० अंशांनी चुकेल. चित्र मात्र निर्दोष दिसेल, कारण भिंती परस्परांशी काटकोनातच राहतात.

चुकीचे फळ पुढे वास्तूत राहणाऱ्यास भोगावे लागते. पश्चिमेच्या भिंतीवरील दुपारचे ऊन अडविण्यासाठी योजलेली सावली भलत्याच कोनात बेतली जाते. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो. तेव्हा उत्तरेच्या खिडकीलाही छज्जा लागतो. हा हिशेब खऱ्या उत्तरेवाचून मांडता येत नाही. होकायंत्राची उत्तर व नकाशाच्या चौकटीची उत्तर यांचे मुंबईतील अंतर एका अंशाहून कमी असल्याने तेथील मोठ्या चुका बहुधा उपकरणाच्या नसून विसरलेल्या नोंदीच्या असतात.

५

मराठीने हा भेद एका समासात पूर्वीच सांभाळला आहे. ‘पूर्वाभिमुख घर’ असे म्हणताना मुख घराचे आणि पूर्व आकाशाची असते. ‘अभि’ हा उपसर्ग त्या दोहोंचा संबंध सांगतो. शंकूची छाया, अपच्छायेची अंगुळे आणि प्रणालीतील कोनाचा आकडा यांचे कार्यही तेच. साधने बदलली, परंतु हा संबंध प्रत्येक वास्तूसाठी नव्याने ठरवावा लागतो. तो आपोआप सिद्ध आहे असे मानण्याची सवय जुन्या शब्दांत जशी होती, तशी ती नव्या यंत्रातही उतरली आहे. शुल्बकाराने खुंटी ठोकण्यापूर्वी छायेची वाट पाहिली. प्रतिमानकाराचेही पहिले काम तेच आहे.