महिला व्हॉलीबॉलमधील ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ : निवडीच्या निकषांचा ऐतिहासिक विचार

हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलमध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरवावयाची झाल्यास आधार कोणता घ्यावा, हा प्रश्न या खेळाच्या इतिहासाकडे घेऊन जातो. अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, १९६१ मध्ये, व्हॉलीबॉलसाठी ए. पलानीसामी यांची निवड झाली. महिला खेळाडूस, के. सी. एलम्मा यांना, तो १९७५ मध्ये मिळाला.

१९९८ मध्ये नियमांत आलेली लिबेरो ब्लॉक करू शकत नाही, जाळीपेक्षा उंच चेंडूवर आक्रमणही करू शकत नाही. म्हणजे केवळ गुण मोजल्यास ती आधीच बाद होते. सेटरची स्थिती फारशी वेगळी नाही. तथापि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्णविजेत्या चीनची सेटर फेंग कुन हिलाच सर्वाधिक मूल्यवान खेळाडू ठरविण्यात आले. २०१२ मध्ये लंडन येथे हा मान दक्षिण कोरियाच्या किम यॉन-क्युंग हिला मिळाला. तिचे गुण होते २०७ आणि संघाचा क्रमांक चौथा. विजेत्या संघातच सर्वोत्तम खेळाडू शोधण्याच्या सवयीला हा ठळक अपवाद होय.

मात्र ऑलिंपिकमध्ये प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीची आकडेवारी ठेवली जाते. सामन्याच्या नेहमीच्या स्कोअरशीटवर सर्व्हिसचा क्रम, गुण, खेळाडूबदल व टाइम-आउट एवढेच नोंदविले जाते. स्मॅश कोणी मारला, त्याआधी चेंडू कोणी उचलला, हे नाही. निवड करणाऱ्यांपुढे मग केवळ आठवण उरते, आणि आठवतो तो स्मॅश. मैदानाच्या कडेला वही घेऊन एक विद्यार्थिनी बसविली, तरी सेटरने लावलेले व लिबेरोने उचललेले चेंडू मोजता येतील. त्यास संगणकाचीही आवश्यकता नाही.