मुंगीला शेतकरी कोणी केलं?

आज मला पानं कापणाऱ्या मुंग्यांबद्दल बोलायचंय. त्यातही माणसाने त्यांच्याबद्दल वेळोवेळी काय मानलं, त्याचा इतिहास सांगायचाय.

या मुंग्या प्रामुख्याने मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. रातोरात झाड ओकंबोकं करतात आणि पानांचे तुकडे रांगेने वारुळात नेतात. प्रश्न असा होता, की एवढ्या पानांचं त्या करतात काय? ॲमेझॉनच्या खोऱ्यात ११ वर्षं राहिलेल्या हेन्री वॉल्टर बेट्सने १८६३ साली उत्तर दिलं : वारुळाचे घुमट शाकारतात. चुकीचं असलं तरी ते प्रत्यक्ष पाहून दिलेलं उत्तर होतं.

थॉमस बेल्ट हा निकाराग्वातल्या सोन्याच्या खाणीवरचा इंग्रज अभियंता. मुंग्यांनी त्याची बाग फस्त केली, तेव्हा त्याने वारुळं खणली. आत पानांचे ढीग नव्हतेच. होता तो पांढऱ्या तंतूंनी धरून ठेवलेला, स्पंजासारखा तपकिरी भुगा. वारूळ मोडलं की मुंग्या त्याचा कण न् कण उचलून आडोशाला नेत. सत्त्व संपलेला भुगा मात्र वेगळ्या कप्प्यात टाकलेला! १८७४ साली बेल्टने लिहिलं, की पानं हे खत आहे आणि पीक आहे बुरशीचं. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये फ्रिट्झ म्युलरही स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर आला.

पुढे ब्राझीलमध्येच आल्फ्रेड मोलरने १८९३ साली दाखवलं, की या तंतूंच्या टोकांना फुगीर गाठी येतात आणि मुंग्या त्या खातात. त्याने त्यांना नाव दिलं ‘कोलराबी’, म्हणजे आपला नवलकोल. १८९८ साली हर्मन फॉन इहेरिंगने सांगितलं, की नवी राणी घर सोडताना तोंडातल्या पिशवीत बुरशीची गोळी घेऊन निघते. विरजण नेतात ना, तसंच हे.

म्हणजे मुंगी शेतकरी ठरली. या एका शब्दाने केवढं तरी दिसू लागलं. पण शब्द जसा दाखवतो, तसा झाकतोही. यातल्या अनेक जातींच्या मुंग्यांच्या अंगावर पांढरट थर असतो. अभ्यासक तो वर्षानुवर्षं पाहत होते आणि मेणासारखा स्राव समजत होते. १९९९ साली कॅमेरॉन करी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो थर जिवाणूंचा आहे! या बागांवर एस्कोवॉप्सिस नावाची दुसरी बुरशी पडते. तिला रोखणारं प्रतिजैविक हे जिवाणू तयार करतात.

आता सांगा, शेतकरी कोण? पान मुंगीला पचत नाही, बुरशीला पचतं. ही बुरशी मुंगीवाचून रानात आढळत नाही. राखण करायला जिवाणूही आहेत. ‘शेतकरी’ म्हटलं की आपण एक मालक धरतो, बाकी सगळी त्याची साधनं. माझ्या मते, त्या पांढऱ्या थराकडे इतका काळ दुर्लक्ष झालं, त्यात या धरून चालण्याचाही वाटा असावा.

माणसाची शेती साधारण १०–१२ हजार वर्षांची, मुंग्यांची ५ कोटी वर्षांहून जुनी. त्यांना आपला शब्द द्यायला हरकत नाही. फक्त तो दिल्यावर पाहणं थांबवू नये, एवढंच माझं म्हणणं.