बारडच्या डोंगरावरची बारा वर्षे

मागच्या वेळी काही श्रोत्यांनी विचारलं होतं, की डहाणू-तलासरी भागात मध्ययुगीन वास्तू म्हणावी असं काय आहे? देवळं आहेत, किल्ल्यांचे अवशेष आहेत. पण आज आपण अशा एका प्रार्थनास्थळाकडे जाणार आहोत, ज्याला ना कळस आहे, ना घुमट, ना पायाचा दगड. बोर्डी-घोलवडच्या पूर्वेला बारडचा डोंगर आहे. त्याच्या माथ्याजवळची कोरीव लेणी म्हणजे पारशी मंडळींचं बाहरोट.

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या जुन्या चर्चचा इतिहास लिहिणं तुलनेनं सोपं असतं. कमानीच्या घाटावरून शतक ओळखता येतं. शिवाय 1538 पासून बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी चर्चमध्ये ठेवायचा हुकूम होता, त्यामुळे वह्या सापडतात. आपल्या डोंगरावर यातलं काही नाही. काळ्या पाषाणात खोदलेल्या साध्या खोल्या, एवढंच. मग इतिहास कशावरून सांगायचा? एक जुनं काव्य, आजूबाजूचे काही लेख आणि धर्माची रीत. या तिन्हींवरून.

आधी काव्य. त्याचं नाव 'किस्सा-ए-संजान'. नवसारीचे धर्मगुरू बहमन कैकोबाद संजाना यांनी ते 1599 च्या सुमारास फारसीत रचलं. इराणातून आलेले पारशांचे पूर्वज संजाणला वसले, तिथे त्यांनी 'इराणशाह' हा पवित्र अग्नी स्थापन केला, ही कथा त्यात आहे. पुढे सुलतान महमूदाचा सरदार अलफखान चालून आला. संजाणच्या हिंदू राजाच्या बाजूनं अर्देशिर नावाचा वीर 1400 पारशांसह लढला. पहिली लढाई जिंकली, दुसरी हरली. संजाण पडलं. अग्नी घेऊन माणसं बाहरोटच्या डोंगरात गेली आणि तिथे बारा वर्षं राहिली.

हे कधी घडलं? यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण हा खिलजी किंवा तुघलक काळातला हल्ला समजतात, तर काही जण महमूद बेगड्याच्या काळातला. आम्हाला दुसरा पक्ष जास्त पटतो. का, ते बघा. काव्य सांगतं, की बारा वर्षं बाहरोटला आणि त्यानंतर चौदा वर्षं वांसद्याला अग्नी होता. मग चांगा आसा या पुढाऱ्याच्या प्रयत्नानं तो नवसारीला आला. हा चांगा आसा फक्त काव्यातला नाही. 1478 मध्ये इराणातल्या धर्मगुरूंकडून धार्मिक प्रश्नांची उत्तरं आली, त्या पत्रव्यवहारात त्याचं नाव आहे. म्हणजे माणूस पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अग्नी त्याच्या हयातीत नवसारीला पोचला असेल, तर त्यातून सव्वीस वर्षं मागे जा. आपण खिलजींच्या काळात पोचत नाही, त्याच शतकात राहतो. नेमकं साल यातून निघत नाही, पण शतक निघतं.

आता लेख. आपल्या डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्यावेळी संजाणचा कारभार मधुमती, म्हणजे महंमद, नावाच्या अरबाकडे होता. त्यानं नदीवर फुकट होड्या ठेवल्या, अन्नछत्र घातलं. आणि याच ताम्रपटात देवी भगवतीच्या मठाला दान दिल्याची नोंद आहे. कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत तर 1009 आणि 1021 मध्ये येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. हा किनारा कुणा एकाचा कधीच नव्हता. आणि कोरीव लेणं ही गोष्ट पारशांना अनोळखी नव्हती.

तिसरी गोष्ट, धर्माची रीत. इथे वास्तू बोलायला लागते. इराणशाह हा आतश बेहराम, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचा अग्नी. तो सिद्ध करायला सोळा प्रकारचे अग्नी शुद्ध करून एकत्र आणावे लागतात. त्यामुळे तो विझला तर काडी ओढून पुन्हा पेटवता येत नाही. त्याच्यावर ऊन पडू द्यायचं नाही, पाऊस नाही. दिवसाच्या पाच प्रहरांत पाच वेळा धर्मगुरूनं त्याला लाकूड अर्पण करायचं. आजच्या अग्यारीतही अग्नीचा गाभारा म्हणजे खोलीच्या आत खोली असते, ती यासाठीच.

आता डोंगरावरची ती खोली डोळ्यांसमोर आणा. दगडी छत, तीन बाजूंनी कातळ, आत अंधार. कुणी बांधलेली नाही, पण गाभाऱ्याला जे लागतं ते सगळं तिथे आहे. या लेण्यांचं खोदकाम बौद्ध भिक्षूंचं मानलं जातं. ध्यानाला लागणारी शांत, अंधारी जागा अग्नीलाही चालली.

आणि हिशेब करा. रोज पाच वेळा, बारा वर्षं. म्हणजे जवळजवळ 21,900 वेळा लाकूड. ते कोरडं हवं. आपल्याकडे पावसाळ्यात चूल पेटवताना काय होतं, ते घरच्या बायांना विचारा! चार महिने धो धो पाऊस, आणि डोंगरमाथ्यावर कोरडं सरपण साठवायचं. पाणी हवं, धान्य हवं. काव्य धर्मगुरूनं रचलेलं आहे, ते अग्नीचं माहात्म्य सांगतं. पण खालच्या जंगलाशी, तिथल्या पाड्यांशी संबंध न ठेवता बारा वर्षं निघाली असतील, हे आम्हाला शक्य वाटत नाही. वाट दाखवणाऱ्याचं, मोळी वाहणाऱ्याचं नाव इतिहासात येत नाही, म्हणून तो नव्हताच असं होत नाही.

तो अग्नी पुढे नवसारी, सुरत, वलसाड असा फिरत 1742 मध्ये उदवाड्याला गेला. आजही तिथे तेवतो आहे. घोलवड स्टेशनवरून गाडीनं गेलात तर तासाभराच्या आतलं अंतर.

एक विनंती करून थांबतो. ही लेणी आता संरक्षित स्मारक आहेत. पावसाळ्यानंतर पोरं ट्रेकला जातात, जरूर जावं. पण आत चूल मांडू नका, भिंतीवर नाव कोरू नका. कान्हेरीची नावं हजार वर्षं जुनी म्हणून आपल्याला पुरावा वाटतात, हे खरं. पण या भिंतीवर निदान छिन्नीच्या मूळ खुणा तरी उरू देत. वह्या नसलेल्या जागेची तेवढीच वही आहे.