वसई ते अर्नाळा : किनाऱ्याने पायी जाणाऱ्यांसाठी

दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणेचे मुख, या दोहोंच्या मध्ये वसईचा समुद्रकिनारा पसरलेला आहे. वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतचे हे अंतर सुमारे १५ किलोमीटर भरते. किल्लाबंदर, पाचूबंदर, सुरुची बाग, रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, नवापूर आणि अर्नाळा ही या वाटेवरील ठिकाणे होत. सुटीच्या दिवशी यांपैकी एखाद्या ठिकाणी वाहनाने येऊन परतणाऱ्यांची येथे गर्दी असते. एका गावाहून दुसऱ्या गावी किनाऱ्याने चालत जाणारे मात्र विरळाच. आम्ही ही वाट निरनिराळ्या ऋतूंत तुकड्यातुकड्यांनी चाललो आहोत. धर्मग्रामांतील युवक-युवती आणि कुटुंबे अशा सहली काढीत असतात, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

वाटेपूर्वी पाण्याविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण या किनाऱ्यावर वाट कोठे आहे हे पाणीच ठरविते. आपला किनारा अत्यंत सपाट आहे. त्यामुळे ओहोटीला समुद्र फार दूर जातो आणि भरतीला तेवढाच आत येतो. उधाणाच्या काही दिवशी मुंबईच्या भरतीच्या तक्त्यात साडेचार मीटरहून अधिक उंचीची नोंद असते. अशा वेळी चालण्याजोगी पुळण जवळजवळ उरत नाही. सहलीचा दिवस बहुधा रविवार पाहून ठरविला जातो. आमच्या मते तो तिथी पाहून ठरवावा.

कोकणच्या किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे आणि आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी, कोळीबांधव व वाडीवाले, तो आजही तोंडी करतात. तिथीचा आकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते, सकाळी एकदा व रात्री एकदा. शुक्ल व कृष्ण दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू पडतो. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणून सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेला व अमावास्येला दुपारच्या बाराच्या आगेमागे भरती. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी छापील तक्त्याशी तो ताडून पाहावा. ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी निघावे आणि ती झाल्यावर दोन तासांत वाट संपवावी. या दृष्टीने सकाळच्या सहलीस चतुर्थी ते षष्ठी हे दिवस सर्वांत सोयीचे. त्यातही सकाळचा एक लाभ असा की, किनारा पश्चिमाभिमुख असल्याने ऊन पाठीमागून, झाडांच्या आडून येते आणि पुळणीवर बराच वेळ सावली राहते.

याउलट पौर्णिमेची संध्याकाळ फसवी असते. साडेपाच-सहाला ओहोटी पूर्ण झालेली असते. पुळण कधी नव्हे इतकी रुंद दिसते, सूर्यास्त समोर असतो आणि लोक पाण्याच्या मागे मागे दूरवर जातात. नंतर अंधार पडतो आणि त्याच वेळी भरती सुरू होते. पाणी समोरून सरळ येते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ते प्रथम किनाऱ्यालगतच्या सखल पट्ट्यांतून व ओहोळांतून शिरते, म्हणजे माणसाच्या पाठीमागून. एकदा एका ओहोळाच्या मुखाशी आम्हीही असेच अडकलो होतो. जाताना घोट्याएवढे असलेले पाणी तासाभरात मांडीला लागले. सोबत लहान मुले असती तर काय झाले असते, या विचाराने आम्ही त्यानंतर तिथी पाहिल्यावाचून निघत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ईस्टरचा रविवार २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेवरून ठरतो. त्यामुळे पवित्र सप्ताह व ईस्टर हे दिवस दरवर्षी पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे बहुतेक उधाणाच्या दिवसांत पडतात. ईस्टरच्या सुटीत पाहुण्यांना घेऊन संध्याकाळी किनाऱ्यावर जाण्याची प्रथा घरोघरी आहे, म्हणून ही आठवण.

आता वाटेकडे वळू. पहिला टप्पा किल्ल्याचा. तो तीन-चार किलोमीटरचा असून भरती-ओहोटीशी त्याचा फारसा संबंध नाही, तेव्हा वृद्धांनाही तो जमेल. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत येथे एक संपूर्ण नगर वसले होते. भूदरवाजाने आत शिरून जेज्वीट, डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन संघांच्या भग्न चर्चवास्तू पाहत सागरी दरवाजापर्यंत जाता येते. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे हुतात्मा झाले व १८६२ साली संतपदास पोहोचले. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तटावर चढू नये. दगड सैल झालेले आहेत. किल्ल्याच्या पश्चिमेस किल्लाबंदर व पुढे पाचूबंदर या कोळीवस्त्या लागतात. बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत घातलेले असतात आणि जाळी पसरलेली असतात. ही त्यांची कामाची जागा आहे हे जाणून जाळ्यांवरून चालत जाऊ नये व विचारल्याशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत.

दुसरा टप्पा सुरुची बागेपासून रानगाव व भुईगावपर्यंतचा. चालण्यास हा सर्वांत अवघड आहे, पण पाहण्यास सर्वांत संपन्न. काही ठिकाणी वाळूऐवजी चिखल आहे, ओहोळांची मुखे आहेत, भुईगावकडे खारफुटी आहे. चिखलात पाय रुतू लागले की पुढे जाण्याचा हट्ट न धरता मागे फिरावे. हिवाळ्यात या चिखलावर कुरव, तुतवार व बगळे यांचे थवे उतरतात. पक्षी पाहणारे पहाटेच येथे येऊन बसतात. जेथे किनाऱ्याने जाता येत नाही तेथे गावातील वाटेने जावे आणि यात काही गमावले असे आम्ही मानत नाही. केळीच्या बागा, पानवेली, फुलझाडांचे वाफे आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे क्रूस यांमधून ही वाट जाते. वाडीतील बावखले आवर्जून पाहावीत. पावसाचे गोडे पाणी साठवून ते भूमीत मुरविणारी ही जुनी तळी आहेत. समुद्र इतका जवळ असूनही येथील विहिरी गोड राहिल्या त्यात या बावखलांचा वाटा मोठा आहे. अनेक बावखले बुजविली गेली, त्याचे परिणाम आपण भोगत आहोत. दुकानात सुकेळी मिळाल्यास शिदोरीस घ्यावीत. चालणाऱ्यास याहून चांगला खाऊ नाही.

तिसरा टप्पा कळंबहून राजोडी, नवापूर व अर्नाळा असा. वाळू घट्ट, चाल सरळ, एका बाजूस सुरूची बने. ज्यांना एकच टप्पा चालणे शक्य आहे त्यांनी हाच चालावा. सरळ चाल असली तरी दोन-अडीच तास धरावेत. परंतु डोळे उघडे ठेवून चालल्यास या सुरूंमध्येच किनाऱ्याची कहाणी वाचता येते. कित्येक झाडांची मुळे उघडी पडली आहेत, काही आडवी झाली आहेत. समुद्र जमीन खात आहे, यास धूप म्हणतात. वाळूच्या चोरट्या उपशाने तिला हात दिला आहे. किनाऱ्यावर काही ठिकाणी धूपप्रतिबंधक बंधारे बांधण्यात आले. ते मागील घरांचे रक्षण करतात; पण बंधारा संपतो तेथे लाटांचा मारा शेजारच्या मोकळ्या भागावर वाढतो, हे तेथे उभे राहिल्यास कोणासही दिसेल. किनाररेषा येथे कधीच स्थिर नव्हती. प्राचीन शूर्पारक बंदर, म्हणजे आजचे नालासोपारा, आता समुद्रापासून दूर आत राहिले आहे. मात्र तो बदल शतकांचा होता.

पुळणीवर मोटारी आणणाऱ्यांविषयी दोन शब्द. ओहोटीची ओली वाळू टणक वाटते, परंतु थांबलेल्या गाडीची चाके तीत रुततात आणि मग भरतीच्या आत ती काढण्यासाठी गावकऱ्यांनाच बोलवावे लागते. गाडी गावातच ठेवावी. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्याने चालणे पूर्णपणे टाळावे.

अर्नाळ्याचा जलदुर्ग मुख्य भूमीपासून अलग, बेटावर आहे. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला व नव्याने बांधून काढला. आत गोड्या पाण्याची अष्टकोनी विहीर आहे, बेटावर कालिकामातेचे मंदिर व कोळ्यांची वस्ती आहे. तेथे होडीने जावे लागते. ओहोटीत होडी काठाला लागली नाही तर गुडघाभर पाण्यातून उतरण्याची तयारी ठेवावी.

वसई गावात वसई रोड स्थानकाहून बस व रिक्षाने येता येते. भाईंदरहून वसईच्या किल्ल्याजवळील धक्क्यावर येणारी रो-रो बोट २०२४ साली सुरू झाली. अर्नाळ्याहून परतण्यास विरार स्थानकाकडे बस आहे. बेटावर जाणार असाल तर परतीच्या होडीची वेळ होडीवाल्यास जातानाच विचारून घ्यावी.