घरगुती फरशीकामाचा ठेका

घरगुती फरशीकामाचा ठेका म्हणजे राहत्या घरातील जमिनीवर, न्हाणीघराच्या भिंतींवर आणि स्वयंपाकघरातील ओट्यामागील भिंतीवर फरश्या (टाइल्स) बसवून घेण्यासाठी घरमालक आणि स्थानिक मिस्त्री किंवा ठेकेदार यांच्यात होणारा व्यवहार होय. मुंबई व कोकणात फरशीला 'लादी' असेही म्हणतात, तर भिंतीवरील फरशीकाम बांधकाम व्यवसायात 'डॅडो' या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रात हा व्यवहार बहुधा तोंडी ठरतो. ओळखीच्या घरी झालेले काम पाहून किंवा फरशीच्या दुकानदाराच्या शिफारशीवरून मिस्त्री निवडला जातो.

पार्श्वभूमी

पूर्वी घरांत शहाबादी किंवा कोटा फरशी आणि सिमेंटच्या मोझेक फरश्या वापरीत. कोटा व मोझेक फरश्या बसविल्यानंतर यंत्राने घासून चकचकीत केल्या जात, त्यामुळे बसविताना राहिलेला थोडाफार उंचसखलपणा घासण्यात निघून जाई. गुजरातमधील मोरबी येथे मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या व्हिट्रिफाइड फरश्या मात्र कारखान्यातूनच चकाकी घेऊन येतात. त्या घासून दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून पाणसळीतील चूक कायमची राहते. मिस्त्रीची निवड पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची ठरण्याचे हे एक कारण आहे.

ठेक्याचे प्रकार

रोजंदारीत मिस्त्री व बिगारी यांना दिवसाप्रमाणे मजुरी मिळते आणि देखरेख मालकाकडे राहते. मजुरीच्या ठेक्यात माल मालकाचा असतो व मजुरी चौरस फुटावर ठरते. मालासकट ठेक्यात फरशी, सिमेंट व मजुरी हे सर्व ठेकेदाराकडे असते. संपूर्ण काम एका ठरावीक रकमेत दिल्यास त्यास 'उक्ते काम' म्हणतात. उक्त्या कामात मोजणीचा वाद टळतो, परंतु लवकर काम संपविण्यात ठेकेदाराचा लाभ असल्याने घाईचा धोका वाढतो.

मोजमाप

व्यवहारात १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास धरतात. फरशीचा खोका मात्र अनेकदा चौरस मीटरवर असतो. ६०० × ६०० मिलिमीटरच्या चार फरश्यांचा खोका १.४४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १५.५ चौरस फूट भरतो. काटछाटीसाठी साधारण ५ ते १० टक्के फरशी जादा घेतात आणि तिरपी मांडणी असल्यास त्याहून अधिक. सर्व खोके एकाच बॅचचे असणे आवश्यक असते, कारण नंतर आणलेल्या फरशीची छटा बहुधा जुळत नाही.

ओट्यामागील भिंतीचे गणित वेगळे असते. आठ फुटी ओट्यावर दोन फूट उंचीची फरशी बसविल्यास क्षेत्रफळ केवळ १६ चौरस फूट भरते, पण विजेच्या बोर्डासाठी कापलेली भोके, नळाच्या जागा, खिडकीच्या कडा आणि कोपऱ्यातील सांधे यांत निम्मा दिवस सहज जातो. म्हणूनच बहुतेक मिस्त्री या कामाचे वेगळे पैसे मागतात आणि ही मागणी अवाजवी नसते. जमिनीलगतच्या पट्टीची (स्कर्टिंग) मजुरी धावत्या फुटावर असते. जुनी फरशी फोडणे, राडारोडा पोत्यांत भरून खाली नेणे आणि माल वर चढविणे यांचा खर्च दरात धरला आहे की नाही, हे आधी न ठरल्यास हिशेबाच्या दिवशी हमखास वाद होतो.

झाकले जाणारे काम

फरशीकामातील गंभीर दोष फरशीखाली दडलेले असतात. न्हाणीघरात जुनी फरशी फोडताना त्याखालील जलरोधक थर दुखावला गेला व तो पुन्हा केला नाही, तर गळती खालच्या मजल्यावरील घरात उतरते. दुरुस्तीसाठी मग नवी फरशीच फोडावी लागते. यासाठी थर पूर्ण झाल्यावर जमिनीवर २४ ते ४८ तास पाणी साठवून चाचणी घेतात आणि ती होईपर्यंत फरशी बसवीत नाहीत. जमिनीचा उतार नहाणी ट्रॅपकडे आहे ना, हेही याच टप्प्यावर पाहतात.

दुसरा दोष पोकळ फरशीचा. भिंतीच्या सच्छिद्र सिरॅमिक फरश्या पाण्यात भिजवून सिमेंटने बसविण्याची जुनी रीत आहे. व्हिट्रिफाइड फरशी पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे भिंतीवर ती नुसत्या सिमेंटने नीट धरत नाही व तिला चिकटद्रव्य (बोलीभाषेत 'केमिकल') लागते. हे द्रव्य दातेरी थापीने सर्वत्र पसरायचे असते. चार कोपऱ्यांत व मध्ये ढेपा लावल्यास काम झपाट्याने होते, पण मधली जागा पोकळ राहते आणि एखादे जड भांडे पडताच फरशी तडकते. नाण्याने किंवा लाकडी दांडीने ठोकून येणाऱ्या आवाजावरून पोकळी ओळखता येते. फरश्यांमध्ये साधारण २ ते ३ मिलिमीटर सांधा ठेवून तो ग्राउटने भरतात. बिनसांध्याची फरशी देखणी दिसली तरी तापमानातील बदलांमुळे ती उचलली जाण्याची शक्यता असते.

कोरड्या कटाईत उडणाऱ्या सूक्ष्म धुळीत सिलिका असते व तिच्या दीर्घ संपर्काने कामगारांना सिलिकोसिस होऊ शकतो. पाणी सोडून कापल्यास धूळ बरीच कमी होते.

पैसे आणि कायदा

आगाऊ रक्कम, कामाच्या टप्प्यांनुसार हप्ते आणि शेवटी राखून ठेवलेली रक्कम अशी देयकाची सामान्य पद्धत आहे. राखलेली रक्कम केव्हा द्यायची हे न ठरल्यास नुकसान मिस्त्रीचेही होते. किरकोळ खोट दाखवून शेवटचा हप्ता बुडविणारे मालक कमी नाहीत.

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार तोंडी करारही वैध असतो, अडचण पुराव्याची असते. साध्या कागदावर लिहिलेले दर, फरशी बसविण्यापूर्वीची छायाचित्रे आणि बँकेमार्फत दिलेल्या पैशांची नोंद येथे उपयोगी पडते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाखल होऊ शकते. मात्र व्यक्तिगत सेवेचा करार या कायद्यातून वगळलेला आहे.

नव्या सदनिकेत विकसकाने बसविलेल्या फरशीच्या कामातील दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणल्यास, स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार विकसकाला तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावा लागतो. मालकाने या मुदतीत स्वतः फरशी बदलली, तर पुढील गळतीची जबाबदारी विकसक नाकारू शकतो. अनेक गृहनिर्माण संस्था फरशी फोडण्यापूर्वी लेखी परवानगी मागतात.