एआय आलं, मग भूवैज्ञानिकांच्या नोकऱ्यांचं काय?

भूशास्त्रात एमएस्सी करून खनिज कंपनीत लागलेल्या तरुणाचे पहिले काही महिने, कधी कधी पहिलं वर्षच, एका पत्र्याच्या शेडमध्ये जातं. तिथे लांबट पेट्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यात जमिनीखालून ड्रिल करून काढलेले खडकाचे दंडगोल असतात. त्यांना 'कोअर' म्हणतात. त्यावर पाणी मारायचं, रंग बघायचा, भिंगातून कण बघायचे, भेगा मोजायच्या आणि मीटरमागून मीटर नोंदी करत जायचं. हे 'कोअर लॉगिंग'. काम कंटाळवाणं आहे, पण हजारो मीटर खडक असा डोळ्यांखालून गेला की माणसाची नजर तयार होते.

आता हेच काम यंत्रं करू लागली आहेत. कोअरवरून परावर्तित होणारा प्रकाश शेकडो तरंगलांबींमध्ये मोजणारे स्कॅनर ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बरीच वर्षं वापरात आहेत. डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन मातकट खनिजं ते वेगळी ओळखतात. त्या मोजमापांवरून 'इथे खडक बदलला' हे सांगणारी सॉफ्टवेअर्सही आली आहेत.

मग भूवैज्ञानिकाची गरज संपली का? नाही. पण 'एआय नोकऱ्या खाणार नाही, फक्त बदलणार आहे' हे सोशल मीडियावर फिरणारं उत्तरही पुरेसं नाही. धोका आहे, आणि तो शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीला आहे.

कोणती कामं यंत्राकडे चालली आहेत?

भूकंपाचं उदाहरण घेऊ. भूकंपाच्या दोन मुख्य लहरी असतात. 'पी' लहर वेगवान, ती आधी पोहोचते. 'एस' लहर मागून येते. दोन्हींमधल्या वेळेच्या फरकावरून भूकंप किती दूर झाला ते कळतं, आणि तीन-चार केंद्रांच्या नोंदी जुळवल्या की नेमकी जागा सापडते. त्यासाठी आलेखावर 'इथे पी आली, इथे एस आली' अशा खुणा कराव्या लागतात. अनेक दशकं हे काम प्रशिक्षित माणसं करत आली.

२०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 'फेजनेट' हे मॉडेल मांडलं. उत्तर कॅलिफोर्नियात माणसांनी अशा खुणा केलेल्या सात लाखांहून अधिक नोंदींवर ते शिकलं आणि आता तेच काम काही क्षणांत करतं. यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्र शिकलं ते माणसांनी तीस वर्षं निमूटपणे केलेल्या कंटाळवाण्या कामावर.

त्याने भूकंपशास्त्रज्ञांचं काम कमी झालं का? २०१९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या दहा वर्षांच्या नोंदी संगणकाने नव्याने चाळल्या. आधी माहीत असलेल्या भूकंपांच्या लहरींशी जुळणारे बारीक धक्के त्याने शोधून काढले. यादी जवळपास दहापट वाढून १८ लाखांवर गेली. म्हणजे सरासरी दर तीन मिनिटांना एक धक्का. खुणा करणारे हात कमी लागले, पण या ढिगाचा अर्थ लावणारी डोकी जास्त लागू लागली.

महाराष्ट्रात याचा थेट संबंध कोयनेशी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतरही त्या परिसरात लहान धक्के आजवर सुरू आहेत. धरणाच्या जलाशयाशी निगडित भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी जगात ही जागा महत्त्वाची मानली जाते. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून अभ्यास झाला आहे. अशा ठिकाणी बारीक धक्के वेचणारं यंत्र मोठीच मदत करतं. मात्र कॅलिफोर्नियाच्या मातीत शिकलेलं मॉडेल सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात किती चालतं, हे तपासायला इथलाच माणूस लागतो.

हवामानात बदल आणखी वेगाने झाला. गुगल डीपमाइंडचं 'ग्राफकास्ट' दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत तयार करतं. जुन्या पद्धतीत त्यासाठी महासंगणकाला तासन्‌तास लागत. युरोपच्या हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या वापरात आणलं. २०२५ च्याच पावसाळ्याआधी भारताच्या कृषी मंत्रालयाने एआय मॉडेल्सच्या आधारे पाऊस कधी सुरू होईल याचे संदेश सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पाठवले. पण ही मॉडेल्स शिकली ती गेल्या चाळीसेक वर्षांच्या हवामान नोंदींवर. वेधशाळा, फुगे, जहाजं, उपग्रह आणि भौतिकशास्त्रावर चालणारी जुनी मॉडेल्स यांतून त्या नोंदी तयार झाल्या. ते सगळं बंद केलं तर एआयला खायला काही उरणार नाही.

खाणींत तर चालकच उतरले आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीचे अजस्र ट्रक आणि लोहखनिज वाहणाऱ्या रेल्वेगाड्या चालकाविना धावतात. नियंत्रण कक्ष आहे सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, पर्थ शहरात.

आपल्याकडे गावातल्या निरीक्षण विहिरीत टेप सोडून पाणीपातळी मोजली जायची. अटल भूजल योजना आणि राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून तिथे आपोआप नोंद घेणारी उपकरणं बसत आहेत. वर्षातून मोजक्या वेळा मिळणारा आकडा आता दिवसातून अनेकदा मिळू शकतो.

इर्शाळवाडी यादीत नव्हती

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. दुसऱ्या दिवशी सरकारने सांगितलं की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच.

एआय असतं तर ती यादीत आली असती का? खात्री देता येत नाही. दरडींचा धोका सांगणारं मॉडेल पूर्वी नोंदवलेल्या दरडींवर शिकतं. उतार किती, खडक कोणता, माती किती जाड, पाऊस किती, झाडं किती हे सगळं बघून ते जुन्या दरडींसारख्या जागा शोधतं. पण जुन्या दरडींची नोंद होते ती रस्त्याकडेला, रेल्वेमार्गाजवळ, जिथून कुणीतरी कळवतं तिथे. डोंगराच्या कुशीतल्या वाडीमागे वीस वर्षांपूर्वी माती सरकली असेल तर ती फक्त तिथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असते. नोंद नाही म्हणजे मॉडेलच्या लेखी घटनाच नाही.

दुसरी अडचण प्रमाणाची. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय, याने देशभर दरडप्रवणतेचे नकाशे केले ते १:५०,००० प्रमाणावर. त्यात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. काही डझन घरांची वाडी त्यात एखाद्या ठिपक्याएवढी. वाडीच्या मागच्या उतारावर नवी भेग पडली आहे का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं आहे का, झाडं कलली आहेत का, हे त्या नकाशावर दिसत नाही. कुणाला तरी चढून जावं लागतं.

एआय इथे निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. एकाच जागेची उपग्रहाची रडार चित्रं ठरावीक काळाने तुलना करून पाहिली तर काही मिलिमीटरची हालचालही कळू शकते. हजारो उतारांतून 'या पन्नास ठिकाणी आधी जा' असं यंत्र सांगू शकलं तर तुटपुंज्या मनुष्यबळासाठी ती मोठी गोष्ट आहे. पण त्या पन्नास ठिकाणी जाणारे भूवैज्ञानिक हवेत, आणि 'गाव हलवा' हे तहसीलदाराला पटवून देणारंही कुणीतरी हवं.

सही कुणाची?

१९९० च्या दशकात ब्री-एक्स या कॅनडातल्या कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं जाहीर केलं. शेअर आकाशाला भिडले. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने शेजारीच छिद्रं पाडून तपासलं तेव्हा सोनं जवळजवळ नव्हतंच. नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं गेलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते कण गोलसर दिसले, नदीतून घासत आलेल्या सोन्यासारखे. खडकातून थेट निघालेलं सोनं असं दिसत नाही. त्या नमुन्यांचे आकडे आजच्या एखाद्या उत्तम मॉडेलला दिले असते तर त्याने साठ्याचा देखणा त्रिमितीय नकाशा काढून दिला असता.

या घोटाळ्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये नियम आणला की असा अहवाल पात्रताधारक तज्ज्ञाच्या जबाबदारीवरच प्रसिद्ध व्हायला हवा. ऑस्ट्रेलियाची 'जॉर्क' संहिता त्याआधीपासून आहे. तिच्यानुसार जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीला त्या प्रकारच्या साठ्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. सॉफ्टवेअर सही करू शकत नाही.

पेच इथेच आहे. सही करायला पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि तो अनुभव मिळत होता कोअर शेडमध्ये, आलेखांवर खुणा करताना, विहिरीत टेप सोडताना. ही कामं यंत्राकडे गेली तर पाच वर्षांनी सही करायला लायक माणूस कुठून येणार? कंपनीच्या हिशेबात आज दोन कनिष्ठ जागा वाचतात. त्याची किंमत दहा वर्षांनी चुकवावी लागते, आणि तोवर तो हिशेब करणारा अधिकारी बहुधा निवृत्त झालेला असतो.

महाराष्ट्राच्या खडकात काय वेगळं आहे?

राज्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले. ते दिसतात सारखेच, पण पाणी सगळीकडे सारखं मिळत नाही. घट्ट काळ्या पाषाणात भेगा असतील तरच पाणी. फुटलेल्या, झिजलेल्या मुरमात जरा बरं. एक विहीर भरलेली आणि पन्नास फुटांवरची कोरडी, हा अनुभव गावोगावी आहे.

म्हणून तर हातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारा पाणाडी अजून टिकून आहे. बोअर कोरडी गेली तर त्याच्याकडे पैसे परत मागता येत नाहीत, आणि एआय ॲपकडेही येणार नाहीत. उपग्रह चित्रांवरून भेगांच्या रेषा शोधणारं मॉडेल पाणाडीपेक्षा नक्कीच बरं. पण जमिनीत विद्युतरोधकता मोजून, शेजारच्या चार विहिरींची खोली विचारून, मग 'इथे घ्या' किंवा 'घेऊच नका' म्हणणारा भूजलतज्ज्ञ त्याहून बरा. 'घेऊच नका' हे सांगणं तर फार मोलाचं, कारण शेतकऱ्याचे बोअरचे पैसे अनेकदा कर्जाचे असतात.

मग आज या क्षेत्रात यावं का?

भारतापुरतं बोलायचं तर मागणी आटलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानात लिथियम, कोबाल्ट, दुर्मीळ मृदा धातू अशा खनिजांसाठी २०३०-३१ पर्यंत जीएसआयने १,२०० शोधप्रकल्प करायचे आहेत. जीएसआय आणि केंद्रीय भूजल मंडळातल्या पदांसाठी यूपीएससीची स्वतंत्र भूवैज्ञानिक परीक्षा होते. जीएसआयचं मध्य विभागाचं मुख्यालय नागपूरलाच आहे.

एकाच कौशल्यावर विसंबणं मात्र अवघड होत जाईल. फक्त नकाशे डिजिटाइझ करणारा किंवा फक्त ठरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरणारा माणूस आधी अडचणीत येईल. आणि याची उलट बाजू फारशी कुणी सांगत नाही. चार महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स करून, खडक हातात न धरता 'जिओ-एआय' करायला निघालेलाही तितकाच अडचणीत येईल. मॉडेलने मुरमाच्या जागी घट्ट पाषाण दाखवला तर ते त्याच्या लक्षातच येणार नाही. पायथन, जीआयएस आणि संख्याशास्त्र शिकायलाच हवं, पण अभ्यास सहली टाळून नव्हे. हल्ली काही ठिकाणी खर्चामुळे सहलींचे दिवस कमी केले जातात. एआयच्या काळात कापायला याहून चुकीची जागा सापडणार नाही.

सरावासाठी नोकरी लागेपर्यंत थांबायची गरज नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडाराच्या पोर्टलवर जीएसआयचे नकाशे, भूरासायनिक आणि भूभौतिकी नोंदी उपलब्ध आहेत. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. आपल्या तालुक्याचा नकाशा त्यात उघडायचा, आपल्या अंदाजाने खडकांच्या सीमा आखायच्या, आणि रविवारी हातोडा घेऊन त्यातल्या दोन-तीन जागा प्रत्यक्ष बघून यायच्या. नकाशा कुठे चुकला ते वहीत लिहून ठेवायचं.