कोसला : परात्मतेची शैली

भालचंद्र नेमाडे यांची १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी. खानदेशातील सांगवी गावचा पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्यात येतो, वसतिगृहातल्या उठाठेवींत ओढला जातो, पैसा आणि उमेद गमावतो, पदवीविनाच गावी परततो. कथानक एवढेच. परात्मतेचा अनुभव घटनांपेक्षा निवेदनात मुरलेला आहे, आणि कादंबरीचे खरे सामर्थ्य तेथेच आहे.

पंचवीस वर्षांचा पांडुरंग स्वतःची हकीकत स्वतःच सांगतो. पण ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ हे शब्द वारंवार पेरून प्रत्येक विधान सैल करतो. जणू हे आयुष्य त्याचे नसून कोणा तिऱ्हाइताचे आहे. तत्कालीन मराठी कादंबरीतील अलंकृत भाषेला ही बोली थेट नकार देते. मध्येच रोजनिशी येते, वर्तमानाकडे इतिहाससंशोधकाच्या नजरेने पाहणारे संवाद येतात; त्यांतून आपल्याच काळापासूनचे त्याचे तुटलेपण उघड होते.

व्यक्तिरेखाटनही असेच. कर्तबगार, धाकात ठेवणारे वडील त्याच्या तक्रारींतूनच दिसतात. मित्र येतात आणि विरून जातात. धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात मात्र अलिप्ततेचे हे कवच फुटते. तेथील शोक इतका उघडा आहे, की त्याआधीची बेफिकिरी हा स्वसंरक्षणाचा भाग होता हे वाचकाला उमगते. नायकाला केवळ उदासीन ठरवणारे वाचन म्हणूनच अपुरे पडते. गावी परतल्यावरही त्याला घर सापडत नाही; शहराइतकाच तो तेथेही उपरा राहतो.